सुंभ वाचला, पीळ राहिला

मागच्या वर्षी आईच्या लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट माझ्या व्हॉट्सॲपवर आला. घरातला इंजिनिअर मी, त्यामुळे बिघडलेल्या प्रिंटरपासून रक्ताच्या रिपोर्टपर्यंत सगळं माझ्याकडेच येतं. वर जिवाणूचं नाव होतं, ई. कोलाय. खाली औषधांची लांबलचक यादी आणि बहुतेकांपुढे एस किंवा आर हे अक्षर. एस म्हणजे औषध चालेल. आर म्हणजे जिवाणू त्याला दाद देणार नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे आर होतं.

सिप्रो! आमच्या घरात ही गोळी बामच्या बाटलीशेजारी असते. पोट बिघडलं की मेडिकलवाल्याला सांगायचं, "दादा, ती लूज मोशनची स्ट्रिप द्या." दोन-तीन गोळ्या खायच्या, बरं वाटलं की उरलेल्या ड्रॉवरमध्ये टाकायच्या. हे मी कॉलेजपासून करत आलोय. आईही करत आली आहे.

डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, आई बरी झाली. पण त्या रात्री मी वाचत बसलो. इतकी वर्षं आपण खातोय ती गोळी नेमकं करते काय? उत्तर एका ओळीचं होतं: जिवाणूच्या डीएनएला पीळ घालणारं यंत्र ती बिघडवते. मी ती ओळ दोनदा वाचली. जिवाणूच्या डीएनएला पीळ असतो? आणि तो घालायला वेगळं यंत्र असतं?

मी बारावी सायन्स केलंय, इंजिनिअरिंग केलंय, प्रवेश परीक्षेसाठी जीवशास्त्राचे शेकडो एमसीक्यू सोडवलेत. तरी हे मला माहीत नव्हतं. याला दोन गोष्टी जबाबदार आहेत असं माझं मत आहे. एक आपल्या वर्गातला तक्ता. दुसरी माझ्या स्वतःच्या जमातीची, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांची, एक लाडकी उपमा. दोघांशीही मला भांडायचं आहे.

आधी तक्ता. तो तुम्हीही पाठ केला असेल. डावीकडे आदिकेंद्रकी पेशी, उजवीकडे दृश्यकेंद्रकी. केंद्रक: नाही, आहे. केंद्रकपटल: नाही, आहे. हिस्टोन प्रथिनं: नाहीत, आहेत. आणि डीएनए? आमच्या क्लासच्या नोट्समध्ये शब्द होता 'नग्न'. पेशीत मोकळा तरंगणारा नग्न डीएनए. पाठ्यपुस्तकात वेटोळ्यांबद्दल एखादं वाक्य होतंही, पण प्रश्न तक्त्यावर येतात, त्यामुळे डोक्यात तक्ताच राहतो. आख्खा जिवाणू म्हणजे 'नाही'ची यादी.

एखाद्या माणसाची ओळख तुम्ही 'याच्याकडे बंगला नाही, गाडी नाही, ड्रायव्हर नाही' अशी करून दिली, तर तो राहतो कुठे आणि कामावर जातो कसा हे समोरच्याला कधी कळणार? जिवाणूचं तसंच झालंय. त्याच्याकडे काय नाही हे आपल्याला तोंडपाठ आहे. तो चालतो कसा हे विचारायचंच राहून गेलं.

थोडे आकडे बघू. ई. कोलायच्या डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या आहेत. हा धागा सरळ ताणला तर जवळपास दीड मिलिमीटर भरतो. आणि पेशीची लांबी आहे साधारण दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. सगळं दहा हजार पट मोठं करून बघा. जिवाणू खजुराच्या बीएवढा होईल आणि त्याच्या आत केसाहून बारीक, पंधरा मीटर लांबीचा धागा असेल. पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून सोडला तर जमिनीला टेकेल इतका.

इथे लोक लगेच सुटकेसचं उदाहरण देतात. कपडे कोंबा, झाकणावर बसा, चेन लावा. हेही चूक. डीएनएचं स्वतःचं आकारमान पेशीच्या एक टक्काही नसतं. अडचण जागेची नाही, गुंत्याची आहे. सुटकेस भरली की प्रवास संपेपर्यंत ती उघडायची नसते. हा धागा मात्र एकाच वेळी शेकडो ठिकाणी वाचला जात असतो, आणि वाचता वाचताच त्याची दुसरी प्रतही तयार होत असते. चांगलं खायला मिळालं तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, पण आख्ख्या डीएनएची प्रत काढायला चाळीसेक मिनिटं लागतात. मग तो काय करतो? पहिली प्रत पूर्ण व्हायच्या आतच दुसरी काढायला घेतो. पेशीला नात होईल तेव्हा लागणाऱ्या प्रतीचं काम आजीच्या पोटातच सुरू झालेलं असतं. आमच्या ऑफिसात एकाच फाईलवर दोन टीम काम करायला लागल्या तरी तासाभरात भांडणं होतात.

हे मोकळ्या तरंगणाऱ्या नग्न धाग्याला जमेल? अजिबात नाही. म्हणून तो मोकळा नाही आणि नग्नही नाही. पेशीच्या मधल्या भागात त्याचा एक गठ्ठा असतो, त्याला न्यूक्लिऑइड म्हणतात. त्यात धाग्याची शेकडो वेटोळी असतात, एकेक सरासरी दहा हजार अक्षरजोड्यांचं. एक वेटोळं तुटलं तर त्याचा पीळ सुटतो, बाकीच्यांचा तसाच राहतो. एचयू नावाचं प्रथिन धाग्याला जागोजागी वाकवतं. एच-एनएस नावाचं प्रथिन बाहेरून आलेल्या जनुकांवर बसून त्यांना गप्प करतं. फिस नावाचं प्रथिन पेशी जोमानं वाढत असताना भरमसाट असतं आणि उपासमारीत जवळजवळ नाहीसं होतं. तेव्हा डीपीएस पुढे येतं आणि डीएनएला स्फटिकासारखं घट्ट बांधून टाकतं. संकट टळेपर्यंत दुकान बंद.

या यादीतलं माझं सगळ्यात आवडतं नाव मकबी. धाग्याची मोठी वेटोळी धरून ठेवणाऱ्या यंत्राचा हा भाग. १९९१ साली जपानी संशोधकांनी त्याचं वर्णन केलं. हे प्रथिन बिघडलं की विभाजनानंतर काही पेशी डीएनएशिवायच जन्माला येतात, म्हणून 'केंद्रक नसलेला' या अर्थाच्या 'मुकाकु' या जपानी शब्दावरून त्यांनी जनुकाचं नाव ठेवलं मुक. आता गंमत बघा. आपला तक्ता धडधाकट जिवाणूलाच 'केंद्रक नसलेला' म्हणतो. ज्यांनी आयुष्यभर जिवाणू बघितले, त्यांनी तो शब्द आजारी जिवाणूसाठी राखून ठेवला.

तक्त्यातली हिस्टोनची ओळसुद्धा आता टिकत नाही. दुसऱ्या जिवाणूंची शिकार करणारा डेलोव्हिब्रिओ नावाचा एक जिवाणू आहे, त्याच्या डीएनएवर हिस्टोन गच्च बसलेले असतात, हे २०२३ साली प्रसिद्ध झालं.

आता पीळ. माझे आजोबा घायपाताच्या वाखाचे दोर वळायचे. लहानपणी मी एक टोक धरून उभा राहायचो आणि ते दुसऱ्या टोकाकडून पीळ देत यायचे. पीळ जास्त झाला की दोर स्वतःभोवतीच गुंडाळायचा, गाठीसारखे वेढे उठायचे. आणि वळलेला दोर उलटा पिळला की त्याचे पदर सुटे व्हायला बघायचे. तेवढं आठवत असेल तर पुढचं सगळं समजेल.

डीएनए हा दोन पदरी दोर आहे. साधारण साडेदहा अक्षरजोड्यांमागे एक वेढा, म्हणजे ई. कोलायच्या दोरात सव्वाचार लाखांहून जास्त वेढे. शिवाय तो गोल आहे, दोन्ही टोकं जोडलेली. हे जॉन केर्न्स यांनी १९६३ मध्ये किरणोत्सारी डीएनएचे फोटो काढून दाखवलं. प्रत काढायची तर दोन्ही पदर पूर्ण वेगळे करावे लागतात. प्रत काढणारं यंत्र सेकंदाला हजारेक अक्षरं पुढे सरकतं, म्हणजे दर सेकंदाला शंभराच्या आसपास वेढे उलगडायचे. टोक मोकळं नाही, मग पुढचा दोर आवळत जाणार आणि यंत्र अडकणार. ही शंका मॅक्स डेलब्रुक यांनी १९५४ सालीच, दुहेरी सर्पिल जाहीर झाल्यावर वर्षभरात, काढली होती.

तिचं उत्तर मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७६ साली सापडलं. त्या विकराचं नाव गायरेज. गायरेज दोराचे दोन्ही पदर कापतं, कापलेली टोकं हातात घट्ट धरून ठेवतं, मधल्या फटीतून दोराचा दुसरा भाग आरपार नेतं आणि टोकं पुन्हा जोडतं. प्रत्येक वेळी ऊर्जा खर्चून. हे करून ते दोराला सतत थोडा उलटा पीळ देत राहतं. शंभर वेढे असायला हवेत तिथे चौऱ्याण्णवच्या आसपास ठेवतं. का? आजोबांचा उलटा पिळलेला दोर आठवा. पदर सुटे व्हायला टेकलेले असतात. पदर सुटले तरच जनुक वाचता येतं.

म्हणजे पीळ हा नुसता बांधणीचा भाग नाही. काय वाचलं जाईल आणि काय नाही, हेही तोच ठरवतो. इथे माझं दुसरं भांडण सुरू होतं.

आमच्या ऑफिसात मध्यंतरी एका टेक-टॉकमध्ये स्लाईड होती, 'डीएनए म्हणजे निसर्गाचा कोड'. चार अक्षरं, त्यांची स्ट्रिंग, जनुक म्हणजे फंक्शन, म्युटेशन म्हणजे बग. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आम्हाला ही उपमा आवडते कारण तिच्यात आम्ही महत्त्वाचे ठरतो. जीवन म्हणजे कोड असेल, तर कोड लिहिणारे आम्ही कोण झालो?

उपमेत खरं काहीच नाही असं मी म्हणत नाही. २०१० साली अमेरिकेत क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेनं मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा सुमारे ११ लाख अक्षरांचा डीएनए संगणकावरच्या नोंदीवरून प्रयोगशाळेत तयार केला आणि तो चालवून दाखवला. एका महत्त्वाच्या जनुकातलं एकच अक्षर गळलं होतं तर त्यांचं काम कित्येक आठवडे अडलं. सेमीकोलन विसरलेल्या माणसाला हे दुःख लगेच कळेल. अक्षरांना महत्त्व आहे, वादच नाही.

पण माझ्या कोडला फाईल डिस्कच्या कुठल्या कोपऱ्यात पडली आहे याच्याशी देणंघेणं नसतं. हार्ड डिस्क किती जोरात फिरते यावर माझं फंक्शन काय उत्तर देईल हे ठरत नाही. जिवाणूत ते ठरतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ई. कोलायचा पीळ सैल करून बघितलं, तर ३०६ जनुकांचं काम कमी-जास्त झालं. एक अक्षरही न बदलता. जनुक वाचणारं यंत्र पुढे जाताना स्वतःच्या पुढचा दोर आवळतं आणि मागचा सैल सोडतं. त्यामुळे शेजारच्या जनुकाचं तोंड कुठल्या बाजूला आहे यावरही बरंच अवलंबून असतं.

अजून एक उदाहरण. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ साली अमेरिकेत ई. कोलायच्या १२ वसाहती एकाच पूर्वजापासून सुरू केल्या आणि रोज थोड्याशा साखरेवर वाढवत ठेवल्या. वीस हजार पिढ्यांनंतर तपासलं, तर १२ पैकी १० वसाहतींमध्ये डीएनएचा पीळ बदललेला होता. उत्क्रांतीनं सुधारणा कुठे केली? पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे, पिळात.

यावर माझा मित्र म्हणाला, "अरे, पण पीळ घालणारी प्रथिनंही डीएनएतच लिहिलेली आहेत ना? मग शेवटी सगळा कोडच झाला." वरवर बिनतोड वाटतं. पण गायरेजचं जनुक वाचायला आधी डीएनएला योग्य पीळ हवा, आणि तो पीळ घालायला आधी गायरेज हवं. इतकंच काय, पीळ सैल पडला की गायरेजचंच जनुक जास्त जोरात वाचलं जातं आणि पीळ पुन्हा जागेवर येतो. हा चालू असलेला फेरा आहे, त्याला पहिली ओळ नाही. कोणताही जिवाणू बंद मशीन सुरू करावं तसा शून्यातून सुरू झालेला नाही. प्रत्येकाला पिळलेला, बांधलेला, वाचला जात असलेला डीएनए आईपेशीकडून चालू अवस्थेत मिळतो. व्हेंटर यांच्या संस्थेलाही आपला डीएनए शेवटी दुसऱ्या जिवंत जिवाणूच्या पेशीतच ठेवावा लागला. नुसत्या मजकुरातून जिवाणू उभा करणं अजून कुणाला जमलेलं नाही.

"सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही" ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. इथे ती अक्षरशः घ्या. आपण सुंभ वाचला, त्यातली अक्षरंन् अक्षरं वाचली, ई. कोलायची १९९७ मध्ये, टीबीच्या जिवाणूची १९९८ मध्ये. आणि पीळ तळटीप म्हणून सोडून दिला.

"उपमाच आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" असं कुणी म्हणेल. सांगतो. परत ड्रॉवरकडे या.

सिप्रो आणि तिच्या भाऊबंद गोळ्या, म्हणजे लेवोफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, हे सगळे क्विनोलोन गायरेजला नुसतं थांबवत नाहीत. गायरेजनं दोर कापला आणि टोकं हातात धरली, नेमक्या त्या क्षणी गोळी येऊन कापलेल्या जागेत बसते. टोकं जोडली जात नाहीत. प्रत काढणारं यंत्र वेगानं येऊन तिथे आदळतं आणि दोर खरोखरच तुटतो. जिवाणूचं सगळ्यात नाजूक कसब आपण त्याच्यावर उलटवतो. औषध म्हणून हे अफलातून आहे.

पण डोस अर्धवट असेल तर? तुटलेल्या डीएनएमुळे जिवाणूत धोक्याची घंटा वाजते, तिला एसओएस प्रतिसाद म्हणतात. मग दुरुस्ती घाईघाईनं होते, चुका वाढतात, आणि त्या चुकांतली एखादी गायरेजचा आकार असा बदलते की गोळी बसतच नाही. ई. कोलायमध्ये गायरेजच्या ८३ व्या जागेवरचा एक बदल त्यासाठी बऱ्याच अंशी पुरतो. पटकीच्या जिवाणूत असंही दिसलंय की सिप्रोमुळे ही घंटा वाजली की प्रतिकाराची जनुकं वाहून नेणारा डीएनएचा तुकडा दुसऱ्या पेशींकडे जास्त वेगानं जातो. म्हणजे ज्या तीन गोळ्या खाऊन मी उरलेल्या ड्रॉवरमध्ये टाकत होतो, त्या तीन गोळ्यांनी माझ्या आतड्यातल्या जिवाणूंना काय शिकवलं असेल याचा हिशोब माझ्याकडे नाही. आईच्या रिपोर्टवरचं आर नेमकं कुठून आलं हेही कुणी सांगू शकणार नाही. पण एका घरातली माणसं जिवाणूही वाटून घेतात.

आणि हे लघवीच्या संसर्गापुरतं थांबत नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण पाव रुग्ण भारतात आहेत. टीबीच्या जिवाणूकडे गायरेजसारखं, दोन्ही पदर कापून जोडणारं, यंत्र एकच आहे. ई. कोलायकडे तशी दोन आहेत. टीबीचं ते एकमेव यंत्र क्विनोलोनचं लक्ष्य आहे, म्हणून नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत हीच औषधं आधार असतात. २०२४ मध्ये भारतानं मंजूर केलेल्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारातही मॉक्सिफ्लॉक्सासिन आहे. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईतल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेल्या कुठल्याच औषधाला त्यांचा टीबी दाद देत नव्हता, क्विनोलोनलाही नाही. आणि आपण काय करतो? महिनाभर खोकला असलेल्या माणसाला 'छातीत इन्फेक्शन' म्हणून लेवोफ्लॉक्सासिन देतो. खोकला थोडे दिवस दबतो, टीबीचं निदान लांबतं, आणि जिवाणूला सरावाला वेळ मिळतो.

तक्ता बदलला की हे सगळं थांबेल असा माझा भाबडा दावा नाही. चिठ्ठीशिवाय गोळी विकणारे आहेत, तपासणी परवडत नाही म्हणून अंदाजानं औषध देणं भाग पडणारे डॉक्टर आहेत, गढूळ पाणी आहे. पण मी अडाणी नव्हतो. मला चिठ्ठीचा नियम माहीत होता आणि डॉक्टरची फी परवडत होती. मी तरीही गोळी खाल्ली, कारण माझ्या डोक्यात जिवाणू म्हणजे 'नाही'ची यादी होती, नग्न धागा असलेली क्षुद्र पिशवी. क्षुद्र गोष्टीवर माणूस विचार न करता गोळी झाडतो. समोर एक ताणलेलं, क्षणाक्षणाला स्वतःला सावरणारं यंत्र आहे आणि त्याच्या एका नेमक्या हालचालीवर माझं औषध टेकलेलं आहे, हे कुणी सांगितलं असतं, तर ते औषध मी जपून वापरलं असतं.

म्हणून मागणं साधं आहे. तक्त्यातला 'नाही'चा रकाना खोडा आणि तिथे लिहा: वेटोळी, पीळ, गायरेज. अकरावीच्या पोरांना दोन नाड्या देऊन पीळ भरायला लावा, दहा मिनिटांत समजेल. आणि माझ्या सॉफ्टवेअरवाल्या भावाबहिणींनो, 'डीएनए म्हणजे कोड' ही स्लाईड दाखवायची असेल तर दाखवा, पण पुढच्या स्लाईडवर दोराचं चित्र टाका.

गेल्या महिन्यात माझं पोट बिघडलं. आईनं सवयीनं ड्रॉवर उघडला, चाचपला आणि विचारलं, "ती गोळी संपली का रे?" संपली नव्हती, मीच काढून टाकली होती. मग तिनं मीठ-साखरेचं पाणी करून दिलं. दोन दिवसांत बरा झालो. झालो नसतो, तर डॉक्टर कोपऱ्यावरच आहेत.